सानिकानं कोणती जागा घेतली

आवं, सानिकानं शेवटी कोणती जागा घेतली, ते तुम्हाला सांगायचं राहिलंय. सगळ्या गावाला ठाऊक झालं. तुमच्या भावाला, डेअरीवर दूध घालायला येणाऱ्या बायकांना, माझ्या वर्गातल्या चौथीच्या पोरांनासुद्धा. ज्या माणसानं त्या दोन जागांवरून आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं, त्यालाच तेवढं ठाऊक नाही. तिला हॉस्टेलवर सोडून आल्याला तीन आठवडे झाले. रोज शाळेतून आले की वाटतं, बसावं आणि सांगावं. आज रविवार आहे. बसलेय.

पत्र आलं त्या दिवसापासून सांगते. उसाला पाणी देऊन तुम्ही नुकतेच आला होता, मोरीत पाय धूत होता. सानिका फोन हातात धरून दारात उभी राहिली. पहिलीच ओळ वाचली तिनं, आपण अर्ज केलेल्या विषयाला प्रवेश देता येत नाही, आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपली. दोन वर्षं ती त्या एका विद्यापीठासाठी राबली होती. देशभरातनं मोजकी पोरं घेतात तिथं, आणि आपल्या कडेगाव तालुक्यातनं कुणी गेल्याचं आपल्याला तरी माहीत नव्हतं. मला काय करावं सुचेना. मी तिच्या उशाशी जाऊन नुसती बसले.

तुम्ही ओल्या पायांनी आत आलात, चष्मा लावलात आणि फोन घेऊन ते पत्र मोठ्यानं वाचायला लागलात. अठ्ठावीस वर्षं फौजेत, त्यातली निम्मी सिग्नलमध्ये, वायरलेसवर. निरोप अर्धा वाचून खाली ठेवायचा नाही, ही तुमची सवय. मला तेव्हा रागच आला होता. पोरगी रडतीया आणि हा माणूस इंग्रजी वाचत बसलाय. आणि मग तुमचा आवाज चढला.

"सानू, ऊठ! ऊठ आगं, खाली अजून लय लिवलंय!"

खाली दोन पर्याय होते. पहिला असा, की याच वर्षी, त्याच मोठ्या आवारात, पण पृथ्वीविज्ञानाऐवजी भूगोलाला प्रवेश. दुसरा असा, की पृथ्वीविज्ञानच, पण पुढच्या वर्षी. त्याआधी एक वर्ष त्यांच्याच एका लहान केंद्रात गणित आणि पदार्थविज्ञानाची पायाभरणी करायची, आणि वर्षाच्या शेवटी सत्तर टक्के पडले तरच जागा. दोन्हीतलं एक निवडून दहा दिवसांत कळवायचं.

तुम्ही कारखान्याचं जुनं कॅलेंडर काढलंत, पानाच्या पाठीमागं मधोमध रेघ मारलीत, आणि दोन्हीकडं लिहायला बसलात. गाव किती लांब. मुलींचं हॉस्टेल आहे का. पदवी किती वर्षांत. नापास झालं तर पुढं काय. सानिका नाक पुसत तुमच्या शेजारी येऊन बसली. त्या एका गोष्टीसाठी मी तुमचे उपकार मानते. मी तिच्या दुःखात शेजारी बसले होते, तुम्ही तिला त्यातून उठवलंत.

पण कॅलेंडरच्या त्या पानावर तुम्ही पहिल्या दिवसापासूनच एका बाजूचे होता. भूगोलाच्या.

"आगं, भूगोलात काय पृथ्वी न्हाई का?" हे तुम्ही इतक्या वेळा म्हणालात की शेवटी सानिका तुमची नक्कल करायला लागली. मी म्हणायची, आवं, तिला जमिनीच्या पोटातलं शिकायचंय, तुम्ही तिला जमिनीवरचं शिकवायला निघालाय. तुम्ही म्हणायचा, वरनंच आत जाता येतं की, बाई. तुम्ही मला बाईच म्हणायचा. शाळेतली पोरं म्हणतात म्हणून लग्नानंतर थट्टेनं सुरू केलंत आणि तेच नाव पडलं.

खरं तर तिला पोटातलं शिकायचं वेड तुमच्यामुळंच लागलं. कोयनानगर आठवतं? सानिका सात वर्षांची होती, तुम्ही सुट्टीवर होता, आणि तुमच्या पलटणीतले शिंदे धरणावर नोकरीला लागले होते म्हणून आपण त्यांच्या क्वार्टरवर दोन दिवस राहायला गेलो होतो. सकाळी पोहे खात होतो आणि मांडणीवरची भांडी वाजायला लागली. एवढे फौजी तुम्ही, पोह्यांची ताटली हातात घेऊन, बायको आणि पोरगी आत ठेवून, पहिले अंगणात. शिंदेवहिनी जागच्या हलल्या नाहीत. "बसा हो, हितं हे नेहमीचं हाय," म्हणाल्या आणि चहा गाळत राहिल्या. आपण त्यावरून किती वर्षं हसलो. पण सानिका हसली नाही. ती अंगणात येऊन तुम्हाला म्हणाली, "पप्पा, हलायच्या आधी कळत न्हाई का?"

"न्हाई कळत."

"का?"

"ते तूच शोध आता."

परत येताना वळणावळणाच्या रस्त्यात पोरीला तीन वेळा उलटी झाली. तुमच्या मांडीवर डोकं ठेवून ती मधूनमधून डोळे उघडायची आणि तेच विचारायची. दुसऱ्या कुणी गप्प झोप म्हटलं असतं. तुम्ही पाटण येईपर्यंत तुम्हाला येत नसलेल्या प्रश्नाची उत्तरं देत होता.

मग त्याच पोरीला तुम्ही भूगोलाकडं का ढकलत होता, हे मला माहीत होतं. तुम्ही मला ते फक्त एकदा सांगितलं होतं, लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी. जवानातनं अधिकारी व्हायची परीक्षा तुम्ही पास झाला होता. यादीत नाव होतं. जागा भरल्या म्हणून तुम्हाला सांगितलं, पुढच्या बॅचला या. पुढच्या बॅचच्या आधी तुमची बदली वर बर्फात झाली, मग आई आजारी पडल्या, मग वयाची अट गेली. तुम्ही सुभेदार होऊन परत आलात आणि गावानं वाजतगाजत आणलं. त्या मिरवणुकीत तुमच्या चेहऱ्यावर काय होतं, ते मी एकटीच वाचू शकत होते.

आणि मी दुसऱ्या पर्यायासाठी का भांडत होते, ते तुम्हाला माहीत नव्हतं. ते मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही. आता सांगते.

मला बीएस्सी करायची होती. रसायनशास्त्र. कवठे महांकाळच्या त्या कोरड्या रानातनं मी बारावीला तालुक्यात दुसरी आले होते. सांगलीच्या कॉलेजात प्रतीक्षायादीत नाव होतं, वर दोन मुलं होती, जागा होणार हे जवळजवळ नक्की होतं. तेवढ्यात डीएडला नंबर लागला. वडील म्हणाले, हाताशी आलीया ती घे. मी घेतली. आठ दिवसांनी सांगलीहून पत्र आलं, जागा झाली आहे, या. मी ते पत्र ट्रंकेत तळाशी घातलं आणि सगळ्यांना सांगत सुटले, मला लहान मुलांना शिकवायची पहिल्यापासूनच आवड. तुम्ही मला बघायला आलात तेव्हा तुमचं पहिलं वाक्य होतं, "मला शिक्षिकाच पाहिजे होती." तुमचा चेहरा इतका निर्मळ होता की मी काय बोलणार? पुढं मला शिकवणं खरंच आवडायला लागलं. पण तीही आवड मी उशिरानं शिकले.

तर असं होतं. तुम्हाला थांबण्याची भीती आणि मला हव्या त्याच्या बदल्यात मिळालेल्या गोष्टीची. आणि मध्ये सानिका.

सातव्या दिवशी दुपारी जेवताना परत विषय निघाला. सानिका मैत्रिणीकडं गेली होती.

"दार उघडं हाय तवर आत शिरायचं," तुम्ही म्हणालात. "आत गेल्यावर खोली बदलता येती. पुढच्या वर्षाचा काय भरवसा? सत्तर टक्के न्हाई पडलं तर पोरगी दोन्हीकडनं गेली."

"पडतील की. तुमचा इश्वासच न्हाई तिच्यावर."

"तिच्यावर हाय. पुढच्या वर्षावर न्हाई."

आणि मी म्हणाले, "तुमची पुढची बॅच आली न्हाई, म्हणून तिचीबी येणार न्हाई, असं न्हाई."

 अर्धी भाकरी ठेवलीत आणि ताटातच हात धुतलात. चोवीस वर्षांत तुम्हाला ताटात हात धुताना मी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी तुम्ही सानिकाशी नेहमीसारखं बोललात, बातम्या बघितल्यात, माझ्याशीही दोन-चार शब्द कामापुरते बोललात. मला वाटलं, उद्या करीन मनधरणी.

सकाळी सहाला रानात निघताना चपला घालता घालता तुम्ही म्हणालात, "सानू उठली की मला फोन लावायला सांग. बोलायचंय तिच्याशी."

मी "बरं" म्हणाले.

ती साडेसातला उठली. मी तिला चहा दिला. निरोप दिला नाही. विसरले नव्हते, हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे. मला वाटलं, हा माणूस तिला एकटीला गाठून भूगोल गळी उतरवणार. म्हणून मी मुद्दाम गप्प राहिले, वर पोळ्या लाटत राहिले. आठ वाजून गेल्यावर शेजारच्या रानातल्या महादेवचा फोन आला. तुम्ही पाइपाच्या वाल्वजवळ पडला होता. गाडीत घालून कडेगावला नेईपर्यंत मी तुमचे तळपाय चोळत होते. डॉक्टर म्हणाले, जागेवरच गेलेत, कुणाच्या हातात काही नव्हतं.

डॉक्टरांचं खरं असेल. पण साडेसात ते आठ हा अर्धा तास माझ्या हातात होता.

तुम्ही तिला काय सांगणार होता? मी हजार वेळा विचार केलाय. भूगोलच घे, असं? का, तुझी आई म्हणतीया ते बरोबर हाय, असं? का नुसतं, येताना वाल्वचा पाना घेऊन ये? शेवटचंच असण्याची शक्यता जास्त आहे, तुम्हाला ओळखते ना मी. तरीपण.

मुदत संपायची ती नेमकी सावडण्याच्या दिवशी. घर माणसांनी भरलेलं. मला एकाएकी आठवलं आणि मी मागच्या परड्यात जाऊन त्या विद्यापीठाला फोन लावला. माझं हिंदी तुम्हाला ठाऊक आहे. "मॅडम, हमारे मिस्टर परसों गए," एवढं म्हणाले आणि पुढचं येईना. तिकडच्या बाईंनी घाई केली नाही. थांबल्या. मग म्हणाल्या, एक मेल करा, पंधरा दिवस वाढवून देते. मी त्यांचं नावही विचारलं नाही.

सानिका म्हणाली, मी कुठंच जाणार नाही. तुमच्या भावानं, बापूंनी, तिचीच री ओढली. "वैनी, कराडला घाला पोरीला. एस्टीनं जाऊन यील. तुमालाबी घरात सोबत." त्यांच्या बोलण्यात माया होती, त्यांना दोष देत नाही मी. आणि खरं सांगू? मला ते गोड वाटलं. दोन दिवस मी मनातल्या मनात तिचा डबा भरून तिला एस्टीत बसवत होते.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. एका दुपारी मी आणि सानिका गच्चीवर वाळवण गोळा करत होतो. मला सोसवेना. मी तिला सगळं सांगून टाकलं. भांडणातलं माझं ते वाक्य, ताटात धुतलेला हात, आणि तुमचा निरोप, जो मी दिला नाही.

तिनं वाळवणाची पाटी खाली ठेवली आणि जिना उतरून गेली. तो अख्खा दिवस बोलली नाही, दुसराही नाही. चहा करून माझ्यापुढं ठेवायची आणि बाजूला व्हायची. मला वाटलं, नवरा गेला, आता पोरगीही गेली, आणि दोन्ही माझ्याच तोंडानं.

तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ती तुमच्या खुर्चीत बसली होती. म्हणाली, "आई, तुमी दोघं माझ्याबद्दल भांडतच नव्हता."

मी पिशवी खुंटीला अडकवली.

"पप्पांचं मला कळतं. बॅचचं मला त्यांनी सांगितलंय, अकरावीला. पण तुझं काय? तुझं कुठं अडकलंय?"

तुम्ही तिला सांगितलं होतं! मला वाटायचं, ते फक्त माझ्याजवळ होतं. एक क्षण तुमचा रागही आला, आणि लगेच बरं वाटलं. मग मी आत जाऊन ट्रंक उघडली आणि सांगलीच्या कॉलेजचं ते पत्र आणून तिच्या हातात दिलं. तिनं ते दोनदा वाचलं.

"पप्पांना माहीत होतं?"

"न्हाई."

"का न्हाई सांगितलंस?"

"ते माझ्या शाळेवर लय खूश होते गं. त्यांच्या आनंदाला नख लावावं वाटलं न्हाई."

ती रडली. माझ्यासाठी का तुमच्यासाठी, ते मी विचारलं नाही. मी तिला कुशीत घेतलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दोघी तुमच्यासाठी एकत्र रडलो. तोवर वेगवेगळ्या खोल्यांत रडत होतो.

दुसऱ्या दिवशी तिनं आपलं आपण काम सुरू केलं. कॅलेंडरचं पान तिनं काढलं नाही. स्वतःच्या वहीत प्रश्न लिहिले आणि विद्यापीठाला स्वतः फोन केला. फोन स्पीकरवर होता, मी भाजी निवडत ऐकत होते. भूगोल घेतला तर पृथ्वीविज्ञानाचे तास बसू देता का? दोन विषय घेता येतील, तेही दुसऱ्या वर्षापासून. मध्येच विषय बदलता येतो? सहसा नाही. पायाभरणीच्या वर्षात सत्तरच्या खाली आले तर? जागा जाते. त्या पोरांचं काय होतं मग? यातलं शेवटचं आपण कॅलेंडरवर लिहून, आठवडाभर भांडून, विद्यापीठाला एकदाही विचारलं नव्हतं. तिकडच्या बाईंनी सांगितलं, काही जण परत आपल्या गावी जातात, काही जण तेवढ्या अभ्यासावर दुसरीकडं प्रवेश मिळवतात. सानिकानं "थँक्यू मॅडम" म्हणून फोन ठेवला आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "मी थांबते. पायाभरणीचं घेते."

तर ही तुमच्या पोरीनं घेतलेली जागा. दुसरी. माझ्या बाजूची.

आणि गंमत ऐका. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या तोंडून काय निघालं असेल? "आगं पण, सत्तर टक्के न्हाई पडलं तर? भूगोलाचं दार उघडं हाय. आत गेल्यावर काय ना काय करता येतं..." मी तुमची बाजू लढवायला लागले, तुमच्याच शब्दांत, तुमच्यासारखा हात हलवत. इतक्या आवेशानं तर तुम्हीपण कधी बोलला नव्हता. तुमच्यामागं कुणीतरी ती बाजू सांभाळायला हवी होती ना. सानिका माझ्याकडं बघत राहिली आणि खुदकन हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

"आई, नापास झाले तर मला पाहिजे त्या विषयात नापास होईन की."

याला तुमच्याकडं काय उत्तर असतं, मला माहीत नाही. मी निवडलेली भाजी धुवायला उठले.

मी तिला सोडायला गेले. रेल्वेनं एक रात्र आणि अर्धा दिवस. लहानसं गाव आहे, आपल्या कडेगावपेक्षा थोडं मोठं. खोलीत तिघी आहेत. ट्रंकेतलं माझं पत्र तिनं मागून घेतलं, का ते मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. गेटवर ती वाकून पाया पडली आणि वळून भराभर चालत गेली. मी घरी आले. पहिले चार दिवस दोन माणसांचा भात टाकत होते. उरलेला बापूंच्या म्हशीला.

बापू रोज येऊन जातात. उसाचं तेच बघतात. मी तुमचं नाव घेऊन त्यांना बरंच काही करायला लावते. सुभेदारांना हे चाललं नसतं, ते असं म्हणायचे. निम्मं माझंच असतं. तुमचा आवाज वापरायची मला सवय लागलीय. घरातल्या बाईपेक्षा गेलेल्या पुरुषाचं लवकर ऐकतात.

काल सानिकाचा फोन आला. पहिली चाचणी झाली. गणितात एक्केचाळीस.

पन्नासपैकी नव्हे, शंभरपैकी. तिनं स्वतःच लगेच सांगितलं, मला आशा लागायच्या आत. वर्गात सगळ्यात कमी नाहीत, पण खालून मोजायला सोपे आहेत म्हणाली. आवाज सरळ ठेवायचा प्रयत्न करत होती.  मागं कुठंतरी बादलीत नळाचं पाणी पडत होतं, पोरी हसत होत्या.

"आई, पप्पा असते तर काय म्हणाले असते?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. एक नाही, दोन होती. एक तुमचं कडक, आणि एक तुमचं मऊ. दोन्ही मला तुमच्या आवाजात म्हणता आली असती. तिला बरं वाटलं असतं, मलाही. पण त्या सकाळी तुम्हाला तिला काय सांगायचं होतं तेच जर मला माहीत नाही, तर हे मी कुठल्या तोंडानं सांगू?

"मला म्हाईत न्हाई, सानू," मी म्हणाले. "खरंच न्हाई. तुला काय वाटतंय, ते सांग."

 फोन कट झाला का म्हणून मी दोनदा बघितलं. मग ती बोलायला लागली. कुठलं गणित अडलं, का अडलं, शाळेत आपण ते पाठ कसं केलं होतं आणि इथं ते समजून कसं घ्यावं लागतं, सरांना उद्या कुठल्या तासानंतर गाठायचं, शेजारच्या खोलीतल्या कुणाला ते येतं. वीस मिनिटं बोलत होती. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. मी मध्ये एक शब्द टाकला नाही, आवं. आपल्या दोघांना जे जमलं नाही, ते करत होते.

शेवटी ती म्हणाली, "अवघड हाय. पण ठेवते आता, मेस बंद हुईल."